१ मे, फेटा आणि मुळशीचं पाणी

एप्रिल अर्धा सरला की मोबाइलवर जाहिराती आदळू लागतात. ‘महाराष्ट्र दिन स्पेशल’: दारात तुतारी, डोक्याला फेटा, संध्याकाळी लेझीम, ताटात मिसळ, तांबडा-पांढरा आणि पुरणपोळी, सकाळी कुंडलिका नदीत राफ्टिंग. पेणपासून रोहा-कोलाडपर्यंत बेत साधारण हाच. स्विमिंग पूल तेवढा लहानमोठा.

मिसळीशी माझं वैर नाही. पण मुंबई-गोवा महामार्गाची परीक्षा देऊन रायगडात उतरायचं आणि ताट कोल्हापूरचं जेवायचं? मेमध्ये इथल्या घरात तांदळाची भाकरी असते, सुकट असते, वालाचं बिरडं असतं. अंगणात पोह्याचे पापड वाळत असतात आणि रानात करवंदं पिकलेली असतात. काही पाहुणे पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, मागतात. पण तिला ओल्या शेंगा लागतात आणि त्या थंडीतल्या. मेमध्ये मडकं लावून देणारा गिऱ्हाइकाला चक्क बनवतो आहे.

खरं तर १ मे साजरा करायला रोह्याला कोणाकडून काही उसनं आणायची गरज नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख जन्मले महाडजवळच्या नाते गावी, बालपण गेलं रोह्यात. १९५२ मध्ये ते कुलाब्यातून, म्हणजे आजच्या रायगडातून, लोकसभेवर गेले. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं दिल्लीत ठरू लागलं, तेव्हा त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. लेझमीच्या आधी एवढं सांगायला दोन मिनिटं पुरतात.

मला मात्र जास्त ओढ आहे ती त्या राफ्टिंगच्या पाण्याची. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या उन्हाळ्यात आटतात, मग कुंडलिका भर मेमध्ये फेसाळते कशी? हे पाणी घाटावरचं. मुळशीच्या धरणातून ते डोंगराखाली भिऱ्याला येतं, टाटांच्या १९२७ सालच्या वीजकेंद्रात वीज करून मोकळं होतं आणि सकाळी खाली सोडलं जातं. म्हणून राफ्टिंग सकाळीच; पाणी ओसरलं की खेळ संपला. त्या धरणासाठी मावळातली गावं बुडाली. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पुढाकारानं शेतकरी सत्याग्रहाला बसले, बापट पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले, धरण झालंच. तेच बापट म्हातारपणी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरले. लाइफ जॅकेट घालून ‘जय महाराष्ट्र’ ओरडणाऱ्यांच्या तोंडावर जे पाणी उडतं, त्याचा १ मेशी संबंध इतका जवळचा आहे. ते कोणत्याही पॅकेजात लिहिलेलं नाही.

वेल्समध्ये नेमका असाच प्रकार आहे. १ मार्चला तिथे संत डेव्हिडचा दिवस असतो. कोटावर डॅफोडिलचं फूल लावायचं, लहान मुलींनी उंच काळ्या टोप्या घालायच्या, मटण आणि लीक या कांद्यासारख्या भाजीचं ‘काउल’ नावाचं सूप प्यायचं. गावाकडच्या हॉलिडे पार्कांतही हा दिवस हौसेनं होतो. म्हणजे फेट्याचा धंदा जगभर आहे. त्याच वेल्समध्ये इंग्लंडच्या लिव्हरपूल शहराला पाणी हवं म्हणून ट्रावेरिन नदीवर धरण बांधलं गेलं आणि १९६५ मध्ये कापेल केलिन हे वेल्श बोलणारं गाव पाण्याखाली गेलं. वेल्सच्या खासदारांचा विरोध संसदेत चालला नाही. आज त्या धरणाखाली, सोडलेल्या पाण्यावर, राफ्टिंग चालतं!

फरक एवढाच की तिथे ‘ट्रावेरिन विसरू नका’ असं कोणीतरी रस्त्याकडेच्या एका पडक्या भिंतीवर रंगवलं. भिंत मोडली, अक्षरं खोडली, तरी लोक पुन्हा रंगवत राहिले. पुढे गावोगावच्या भिंतींवर तीच अक्षरं उमटली. २००५ मध्ये लिव्हरपूलच्या नगरपालिकेनं माफीही मागितली.

आपल्याकडे राफ्ट सुटण्याआधी गाइड वल्हं कसं धरायचं, उलटलो तर पाय कुठे ठेवायचे, हे नीट समजावतो. त्यात मुळशीची चार वाक्यं घालायला त्याची हरकत नसावी. हरकत असलीच तर ती रिसॉर्टवाल्याची असेल. बुडालेल्या गावांची गोष्ट ऐकून पाहुण्याचा मूड जातो, असं तो म्हणेल.