पुण्यात खोली घेताना
पुण्यात शिकायला येणारी मुलं सदाशिव पेठेत, कोथरूडला किंवा कर्वेनगरला खोली शोधतात, भाडं-डिपॉझिट ठरलं की चावी घेतात. करार मात्र राहून जातो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर वादात भाडेकरूने सांगितलेल्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या मानल्या जातात. ‘अकरा महिन्यांचाच तर आहे, नोंदणी कशाला?’ हे मुळीच ऐकू नका. ती ऑनलाइनही होते. डिपॉझिट रोख देऊ नका. सामान लावण्याआधी भिंतींची ओल, नळ, गिझर यांचे फोटो काढून मालकांना पाठवा. खोली सोडताना रंगकामाच्या नावाने पैसे कापले जातात, तेव्हा हेच फोटो कामी येतात.