ओव्हरमध्ये न मावणारं

भंडाऱ्याजवळ नागपूर रस्त्यावरच्या शहापुरात राहणारी एक सिस्टर नवजात बाळांच्या एसएनसीयूत काम करते. रात्रपाळी करून आलेली, तरी डोळ्यांत झोप नव्हती. सकाळी पुढच्या पाळीला ‘ओव्हर’ कसा देतात, ते ती सांगत होती : वजन, श्वास, साखर, किती मिली दूध पचलं, कुणाची सलाईन निघाली. रात्री गेलेल्या बाळाला त्यात एकच वाक्य. “वॉर्मर पुसायचा, दुसरं बाळ घ्यायचं. रडायचं असलं तर बाथरूममध्ये,” ती म्हणाली आणि चहात साखर घातली होती का, हे मलाच विचारलं.

भंडाऱ्यात हा विषय ८-९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीपाशी येतोच. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या एसएनसीयूला आग लागली. १७ बाळांपैकी १० गेली, बरीचशी धुरानं गुदमरून. पुढे चौकशी झाली, निलंबनं झाली. जबाबदारी ठरायलाच हवी होती. त्या आयांच्या दुःखापुढे दुसऱ्या कुणाचं काही मांडावं, असंही वाटत नाही. ही सिस्टर तिथे नव्हती, दुसरीकडे होती. तरी कित्येक दिवस वॉर्मरचं बटण दाबताना तिची छाती धडधडायची. झोप लागते का, असं तिला कुणी विचारलं नाही.

अशा वेळी कार्यशाळा घेतात, प्राणायाम शिकवतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही २०२२ पासून आहे, चोवीस तास. पण मॉनिटर वाजत असताना फोन लावणार कोण? माझ्या मते मनाच्या आरोग्याची सुरुवात ड्यूटीचार्टपासून होते. तीन-चार बाळांमागे एक सिस्टर हवी. त्याच्या दुप्पट बाळं एकीवर पडली, की प्राणायाम हा सल्ला न राहता थट्टा होते.

तिच्या इन्चार्ज सिस्टरांनी मात्र आपल्यापुरती सोय केली आहे. बाळ गेलं, की ज्या सिस्टरनं त्याला श्वास देण्यासाठी अंबू बॅग दाबली तिला अर्धा तास कक्षाबाहेर बसवायचं. आईजवळ दुसरीनं जायचं. नंतर डॉक्टरांसोबत बसून, काय केलं आणि काय हातात नव्हतं, ते बोलायचं. घरी गेलेल्या बाळाला आशाताई ४२ व्या दिवसापर्यंत भेटी देतात. त्यांच्याकडून वजन विचारून घ्यायचं आणि सगळ्यांना सांगायचं.

यातलं काहीही कुठल्या फायलीत नाही. इन्चार्जबाईंची बदली लागायची आहे.