अर्जात तीन रकाने, वसतिगृहाला दोनच दारे

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तृतीयपंथीयांसाठीच्या धोरणास मान्यता दिली आणि शिक्षण व नोकरीच्या अर्जांत स्त्री आणि पुरुष यांच्या जोडीला तिसरा पर्याय ठेवण्याचे ठरले. निर्णय स्तुत्य आहे, याविषयी दुमत नसावे. परंतु विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याचे काम एका अर्जाने भागत नाही. त्याला लगोलग दुसरा अर्ज भरावा लागतो, तो वसतिगृहाचा. मुलांचे वसतिगृह आवाराच्या एका टोकाला आणि मुलींचे दुसऱ्या टोकाला, अशी आपल्या बहुतेक विद्यापीठांची मांडणी आहे. पहिल्या अर्जातील तिसऱ्या रकान्यात खूण केलेल्याने आपली वळकटी घेऊन कोणीकडे वळावे, याचे उत्तर ना कुलसचिवांपाशी असते, ना अधीक्षकांपाशी.

हा प्रश्न मूठभरांचा आहे आणि शिवाय तो परदेशातून आयात झालेला आहे, अशी एक समजूत आपल्या शिक्षणक्षेत्रात रूढ आहे. तिचा दुसरा भाग आधी तपासून पाहू. राहण्याची सोय झाल्याखेरीज वंचितांपर्यंत शिक्षण पोचत नाही, हे महाराष्ट्राइतके अन्य कोणत्याही प्रांताला लवकर उमगले नसेल. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर नेला. नुसती शाळा न काढता त्यांनी आश्रम काढला, याचे कारण उघड होते. विधवा मुलीच्या शिक्षणाआड तिचे घरच येत होते, तेव्हा शिकवायचे तर आधी तिला घराबाहेर सुरक्षित निवारा हवा होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उभी केली. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या आरंभी सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. या साऱ्यांनी फीमाफीही मागितली, शिष्यवृत्त्याही दिल्या. पण अंथरूण आणि दोन वेळचे जेवण यांचा हिशेब त्यांनी प्रथम मांडला.

तो हिशेब आज अधिकच जड झाला आहे. अनुदानित कला महाविद्यालयाची वर्षाची फी आणि पुण्या-मुंबईत कॉट-बेसिसवर राहणाऱ्याचे दोन-तीन महिन्यांचे भाडे यांत सर्वसाधारणपणे फारसे अंतर उरलेले नाही. उच्च शिक्षणाची खरी किंमत आता शिकवणी-शुल्कात नसून खोली आणि खानावळ यांत आहे. शासनालाही हे तत्त्वतः मान्य आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आली, तेव्हा मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद तीत होती. जागा नाही तर पैसे घ्या आणि बाजारात खोली शोधा, असा या योजनेमागील विचार आहे. पण पैसे हाती असूनही बाजार ज्याला खोली देत नाही, त्याचे काय करायचे? पेइंग गेस्ट ठेवणाऱ्या बाईंचा पहिला प्रश्न ‘मुलगा की मुलगी?’ हाच असतो. मागणी आहे, क्रयशक्तीही आहे, आणि तरीही व्यवहार होत नाही, असा बाजार आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात अपवाद म्हणून शिकवतो. या विद्यार्थ्यांच्या वाट्याला तो रोजचा नियम म्हणून येतो. बाजार जेथे असा बंद होतो, तेथे संस्थेने पुढे यावे, हे सांगण्यास फार मोठ्या सिद्धान्ताची आवश्यकता नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या द्वितीय वर्षाच्या वर्गात असा एक विद्यार्थी होता. कागदोपत्री मुलगा, स्वतःच्या मनाने मुलगी. मुलांच्या वसतिगृहात पहिल्या सत्रात जे सोसावे लागले त्यानंतर तिने खोली सोडली आणि सकाळच्या पहिल्या एस.टी.ने ये-जा सुरू केली. एका बाजूचा प्रवास अडीच तासांचा. सांख्यिकीत तिला उत्तम गती होती. माझ्या पाहण्यातल्या पहिल्या पाच-सहा विद्यार्थ्यांत मी तिला घालीन. दिवाळीनंतर ती येईनाशी झाली. कार्यालयाच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘आर्थिक कारण’ असा शेरा आहे, आणि एका अर्थी तो खराच आहे.

आता मूठभरांच्या युक्तिवादाकडे वळू. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांव्यतिरिक्त ‘इतर’ म्हणून ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी महाराष्ट्रात ४०,८९१. त्यांच्यातील साक्षरतेचे प्रमाण ५६ टक्के होते, तर देशाचे ७४ टक्के. दारात आलेल्या प्रगणकाला घरातल्या कर्त्या माणसाने किती खरे सांगितले असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. आणि ही गणना झाली ती केवळ तृतीयपंथीयांची. समलिंगी मुलगे, मुलांच्या वेशात वावरणाऱ्या मुली, दोन्ही चौकटींत न बसणारे तरुण हे कोणत्याच रकान्यात येत नाहीत, पण वसतिगृहाच्या सामाईक न्हाणीघरात त्यांना काय ऐकावे लागते हे अधीक्षकांना चांगले ठाऊक असते. ‘अशा सोयीसाठी आमच्याकडे एकही अर्ज आलेला नाही’ असे विद्यापीठे सांगतात. गावाला एस.टी. येत नाही म्हणून थांब्यावर कोणी उभे राहत नाही, आणि थांब्यावर कोणी दिसत नाही म्हणून आगारप्रमुख गाडी सोडत नाहीत, त्यातलाच हा प्रकार आहे.

कायद्याची बाजू निःसंदिग्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा अधिकार व्यक्तीचा असल्याचे सांगितले आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदा ठरविले. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्या खटल्यात न्यायालयापुढे आल्या होत्या, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. २०१६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगच्या व्याख्येत दुरुस्ती करून लिंगओळख आणि लैंगिक कल यांवरून केलेल्या छळाचा तीत समावेश केला. २०१९ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांतील भेदभावास मनाई केली. एवढे सारे होऊनही ऑक्टोबर २०२५ मध्ये शाळेतील नोकरी गमावलेल्या एका पारलिंगी शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला कायद्याच्या अंमलबजावणीतील अनास्थेवर कठोर ताशेरे ओढावे लागले. रॅगिंगविरोधी फलक तर प्रत्येक वसतिगृहाच्या प्रवेशद्वारावर असतोच.

मग करावे काय? ज्याला लिंगसमावेशक वसतिगृह म्हणतात त्याची कल्पना साधी आहे. एखाद्या वसतिगृहातील एक मजला किंवा काही खोल्या अशा राखावयाच्या, की त्यांचे वाटप जन्मदाखल्यावरील लिंगावरून न होता अर्जदाराच्या स्वतःच्या निवडीने आणि खोलीतील जोडीदाराच्या संमतीने होईल. अमेरिकेत रटगर्स विद्यापीठाने २०११ मध्ये अशी सोय सुरू केली. आदल्याच वर्षी तेथील एका समलिंगी विद्यार्थ्याचे त्याच्या खोलीतील सोबत्याने चोरून चित्रण केले होते आणि त्या मुलाने आत्महत्या केली होती. आपल्याला तितके दूर जावयास नको. मुंबईत देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने विद्यार्थ्यांच्या मागणीवरून २०१८ मध्ये मुलींच्या एका वसतिगृहाचा तळमजला यासाठी दिला. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाने २०२२ मध्ये तसेच केले. दोन्ही ठिकाणी नवी इमारत उभी राहिली नाही. होता तोच मजला दुसऱ्या नियमाने वापरावयाचे ठरले.

येथे एक विवाद उपस्थित होतो, आणि तो मला या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्वतंत्र वसतिगृह काढावे, की सर्वांबरोबरच जागा करून द्यावी? या वादाची उजळणीही आपल्याकडे पूर्वी होऊन गेली आहे. शाहू महाराजांनी प्रथम सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. दार सर्वांना खुले असूनही आत एकाच वर्गाची मुले राहिली, म्हणून मराठा, जैन, मुसलमान, अस्पृश्य अशी निरनिराळी बोर्डिंगे काढण्याकडे ते वळले. ‘आमचे वसतिगृह सर्वांना खुले आहे’ एवढे म्हणून भागत नाही, हा धडा त्यात आहे. पण त्याची दुसरी बाजूही कोल्हापुरातच दिसली. भाऊराव पाटील तेथील जैन बोर्डिंगात राहून शिकत असता अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेले, म्हणून स्नान केल्याशिवाय पंगतीला बसू नये असा हुकूम त्यांना झाला. त्यांनी तो मानला नाही आणि बोर्डिंग सोडले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. याच भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका स्वयंपाकघरात आणले. चूल एक, मुलांनीच आळीपाळीने रांधावयाचे, आणि भांडी घासण्याची पाळी कोणाला चुकत नसे. १९२७ मध्ये गांधीजी तेथे येऊन गेले. माझा कौल साताऱ्याच्या बाजूने आहे. तृतीयपंथीयांसाठी वेगळी इमारत बांधली, तर तिला गावाने ठेवलेले नाव ऐकण्याची पाळी रोज त्यांच्यावर येईल. शिवाय पाच-सात विद्यार्थ्यांसाठी वेगळी मेस चालविणे कोणत्याच विद्यापीठाला परवडणार नाही आणि दोन वर्षांत ती बंद पडेल. मजला राखीव, परंतु मेस, अभ्यासिका आणि क्रीडांगण सर्वांचे, ही रचना टिकाऊ आहे. मजल्यावर राहण्यासाठी तृतीयपंथी असण्याची अटही असू नये. ज्याला तेथील नियम मान्य आहेत, त्या कोणालाही अर्ज करता यावा.

पालकांचा आक्षेप मात्र झटकून टाकण्याजोगा नाही. परभणीहून किंवा चंद्रपूरहून पहिल्यांदाच मुलीला पुण्याला धाडणारे आईवडील तिला धाडतात, ते वसतिगृह मुलींचे आहे या भरवशावर. तो भरवसा निर्माण होण्यास तीन पिढ्या खर्ची पडल्या आहेत. म्हणून मुलींची वसतिगृहे आहेत तशीच राहावीत आणि कोणालाही तिच्या इच्छेविरुद्ध या मजल्यावर पाठवू नये, हे नियमातच लिहिलेले असावे. एवढे केल्यावरही अधिकाऱ्यांची नाराजी उरते, आणि तिचे कारण पालक नसून फाटक आहे असा माझा संशय आहे. मुलांच्या वसतिगृहाचे फाटक मध्यरात्रीही उघडते, मुलींचे संध्याकाळीच बंद होते. या मजल्याला कोणती वेळ लावावयाची, हे ठरवू लागताच मुलींना वेगळी वेळ का, असा प्रश्न त्या पाठोपाठ येणार. २०१५ मध्ये दिल्लीतील मुलींनी ‘पिंजरा तोड’ या नावाने तो विचारलाच होता.

नियम करताना खरी कसोटी लागेल ती कागदपत्रांत. अठरा वर्षांच्या मुलापाशी जिल्हाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र कोठून असणार? प्रमाणपत्राची व्यवस्था पुढे काय वळण घेईल ते घेवो, कॉट देण्यासाठी ते मागण्याचे कारण नाही. दुसरी अडचण याहून बिकट आहे. वसतिगृहाच्या अर्जावर पालकांची सही लागते, पावती घरी जाते, हजेरी कमी झाली की पत्रही घरी जाते. ज्याने घरी अद्याप काहीच सांगितलेले नाही, त्याच्यासाठी ‘लिंगसमावेशक कक्ष’ अशी मोहोर उमटलेली एक पावती शिक्षण संपवावयास पुरेशी आहे. तेव्हा पावतीवर इमारतीचे नाव आणि खोलीचा क्रमांक यांपलीकडे काही नसावे, निवडीची नोंद अधीक्षकांच्या कुलपात राहावी, आणि मजल्याच्या दर्शनी भागावर सप्तरंगी पाटी लावून उद्घाटनाचे छायाचित्र काढण्याचा मोह कुलगुरूंनी आवरावा. तक्रार ऐकणारी व्यक्ती कोण, हे मात्र मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे.

खर्चाचा मुद्दा अखेरीस घेतला तरी चालेल, कारण तो लहान आहे. न्हाणीघरांना छतापर्यंत भिंती, आतून नीट लागणाऱ्या कड्या, प्रत्येक खोलीला स्वतःचे कुलूप आणि काही खोल्या एकट्यासाठी. विद्यापीठांचे अंदाजपत्रक मार्चच्या सुमारास अधिसभेपुढे येते आणि वसतिगृहांच्या याद्या जून-जुलैत लागतात. मधल्या दोन-अडीच महिन्यांत एका तळमजल्याचे एवढे सुतारकाम आणि गवंडीकाम सहज उरकते, आणि वाटपाचा नियम बदलण्यास व्यवस्थापन परिषदेचा एक ठराव लागतो.