पान्हा, खूण आणि संवय

वासरूं दगावलें आणि गाय दूध देईनाशी झाली, ही तक्रार दुभतें जनावर बाळगणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाची आहे. कास भरलेली असते, चाऱ्यांत कसूर नसते, कांहीं रोगही दिसत नाहीं. तरी जनावर पान्हा चोरतें. अशा वेळीं कोणी त्यास खोडकर ठरवून काठी उगारतो, तर कोणी इंजेक्शनाचा सोपा मार्ग पत्करतो. या दोहोंनीं मूळ अडचण दूर होत नाहीं. कारण ती जनावराच्या खोडीची नसून त्याच्या शिकण्याची आहे. हें शिकणें कसें घडतें व त्याचा उपयोग गोठ्यांत कसा करावा, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इव्हान पाव्हलॉव्ह (१८४९–१९३६) या रशियन शास्त्रज्ञास पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. सेंट पीटर्सबर्ग येथील प्रयोगशाळेंत कुत्र्यांची लाळ मोजीत असतां एक गोष्ट त्याच्या ध्यानांत आली. तोंडांत अन्न पडलें म्हणजे लाळ सुटते, हें निसर्गसिद्धच आहे. परंतु कांहीं दिवसांनीं अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागतांच लाळ सुटूं लागली. मग त्यानें मुद्दाम योजना केली. ठेका देणारें यंत्र वाजवावयाचें आणि लागलीच अन्न द्यावयाचें, असें अनेक वेळां केल्यावर नुसत्या ठेक्यानेंही लाळ येऊं लागली. अन्न हा स्वाभाविक उद्दीपक. ठेका ही शिकलेली खूण. निसर्गतः घडणारी क्रिया अशा रीतीनें एखाद्या निरुपद्रवी खुणेशीं जोडली जाणें, यास मानसशास्त्रांत अभिजात अभिसंधान म्हणतात.

आतां पान्ह्याचें पाहूं. वासरानें सड चोखले किंवा हातानें कास चोळली म्हणजे तो स्पर्श मज्जातंतूंवाटे मेंदूस कळतो. मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूष ग्रंथींतून ऑक्सिटोसिन नांवाचा द्रव रक्तांत उतरतो. तो कासेंत पोंचतांच दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोंवतालचे स्नायुतंतु आकुंचन पावतात आणि दूध खालीं सडांकडे येतें. यास साधारण मिनिटभर लागतें व त्याचा जोर थोडींच मिनिटें टिकतो. येथें स्पर्श हा स्वाभाविक उद्दीपक होय. परंतु धारेपूर्वीं रोज चरवीचा आवाज होत असेल व आंबोण पुढें येत असेल, तर पुष्कळ जनावरें स्पर्श होण्यापूर्वींच पान्हा सोडूं लागतात. उलट, केवळ वासरूं दिसल्यावरच कास चोळली जात असेल, तर वासरूं हीच एक खूण होऊन बसते. आणि वासरूं गेलें कीं खूणही जाते. पेंढा भरलेलें वासराचें कातडें पुढें ठेवण्याची जुनी चाल या तत्त्वावरच चालते.

या शिक्षणाचे चार नियम शेतकऱ्यानें ध्यानांत धरावे. पहिला नियम क्रमाचा: खूण अगोदर आणि फळ लागलीच मागून आलें पाहिजे, अन्न देऊन झाल्यावर ठेका वाजविला तर कुत्रें फारसें कांहीं शिकत नाहीं. दुसरा विलोपनाचा: खूण वरचेवर दाखवून मागून कांहींच आलें नाहीं, तर ती निष्प्रभ होते. म्हणून रिकाम्या चरव्या उगाच वाजवूं नयेत. मात्र अशी विझलेली संवय विश्रांतीनंतर कांहीं अंशीं आपोआप पुन्हा डोकें वर काढते. तिसरा सामान्यीकरणाचा: एका खुणेशीं जडलेली क्रिया तिच्यासारख्या दुसऱ्या खुणेनेंही घडते. ज्या माणसानें सुई टोंचली त्याच्यासारखा पोशाख केलेला दुसरा माणूस दिसला तरी बैल बिथरतो. चौथा भेदाचा: एका खुणेमागून फळ येतें व दुसरीमागून येत नाहीं, असें अनेकदां घडलें म्हणजे जनावर दोहोंतील फरक ओळखतें. गाय एकाच्याच हातास दूध देते, त्याचें इंगित हेंच.

भयही याच मार्गानें शिकलें जातें. १९४१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अमेरिकेंतील एली व पीटर्सन यांनीं गाईच्या पाठीवर मांजर ठेवून व कागदी पिशव्या फोडून तिला धारेच्या वेळीं घाबरविलें, तेव्हां दूध नीट उतरेना. भीतीनें रक्तांत ॲड्रेनलिन वाढतें व तें पान्ह्याच्या आड येतें. गोठ्यांत रोज काठी बसूं लागली, तर गोठा, चरवी व धार काढणारा या सर्वच वस्तु भयाच्या खुणा होतात. सड चिरले असतील किंवा कासेस दगडी झाली असेल, तर वेदनाही तेंच शिकविते. म्हणून आधीं पशुवैद्याकडून दुखण्याचा इलाज करावा, मग संवयीचा.

यासाठीं आमची सूचना अशी. जनावर व्याल्यापासूनच धारेची वेळ, जागा व क्रम निश्चित ठेवावा. आधीं चरवीचा आवाज, मग आंबोण, मग कोमट पाण्यानें कास धुणें, आणि त्यानंतर वासरूं सोडणें. वासरास चीक व पुरेसें दूध मिळालेंच पाहिजे. मात्र पान्हा सुटण्यापुरतें त्याचें चोखणें हळूहळू कमी करीत जावें. पान्हा सुटतांच न थांबतां धार पुरी करावी. धार काढणारीं दोन माणसें आळीपाळीनें ठेवल्यास जनावर एकाच हाताचें बांधील राहत नाहीं. पहिलारू जनावरास ही शिस्त लवकर लागते. भ्यालेल्या जनावरास अनेक दिवस लागतात, आणि मधेंच जुनी भीति परतली तरी श्रम वायां गेले असें समजूं नये.

इंजेक्शनाविषयीं स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. ऑक्सिटोसिन नित्य टोंचल्यानें त्यावांचून पान्हा सुटणें उत्तरोत्तर कठीण होतें, आणि दूध वाढविण्याकरितां जनावराच्या प्रकृतीस अपायकारक असें कांहींही टोंचणें १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे. पशुवैद्य रोगासाठीं तें देतो ती गोष्ट वेगळी. गोठ्यांत आपण मुद्दाम शिकविलें नाहीं तरी जनावर रोज आपल्यापासून शिकतच असतें. तें काय शिकावें हें धन्याच्या हातीं आहे. आणि वासरूं दगावण्याच्या दिवसाची वाट न पाहतां तो धडा आजच सुरू करावा.