काळ्या मोहऱ्यांचा परकोट

बुद्धिबळाच्या पटावर काळे मोहरे वाट्याला आले, की पुष्कळांचा चेहरा थोडा उतरतो. पहिली खेळी पांढऱ्याची. आपण आपले मागून जाणारे. काही मंडळी मग सावधपणे खेळून बरोबरी पदरात पडली तरी देवाची कृपा मानतात. पण काहींना काळ्या मोहऱ्यांनीही जिंकायचेच असते. अशा लोकांचा लाडका बचाव म्हणजे ‘किंग्ज इंडियन’. नावातला ‘इंडियन’ हा शब्द शोभेचा नाही. त्यामागे आपल्याच देशातला एक खेळाडू उभा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर होता, आणि बुद्धिबळात त्याचा दबदबा होता. १८४८ च्या सुमारास त्याच्यासमोर बंगालच्या खेड्यातला एक ब्राह्मण, महेशचंद्र बंदोपाध्याय, आणून बसवण्यात आला. या गृहस्थाला तोवर कोणी हरवलेले नाही, अशी ख्याती होती. दोघांत पुढे शेकडो डाव झाले. त्यांच्या नोंदी राहिल्या म्हणून आज आपल्याला ते खेळून पाहता येतात.

महेशचंद्र देशी पद्धतीत वाढलेले. देशी डावात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर सरकते, आणि किल्लेकोटाऐवजी राजाला एकदाच घोड्याची उडी घेता येते. एकेक घर चालणाऱ्या प्याद्यांची ज्याला सवय, तो पटाच्या मध्यावर धावत जाणार नाही. तो प्यादी जवळ ठेवील आणि कोपऱ्यालगत उंट बसवून तिरकी रेघ धरील. युरोपातल्या पंडितांना त्या काळी हे विचित्र वाटे. मध्य काबीज करणे हा त्यांचा पहिला धडा होता. अशाच एका डावात महेशचंद्रांनी बाराव्या खेळीला आपला वजीर सरळ मारू दिला. कॉक्रेनने तो घेतला, आणि दोन खेळ्यांत त्याचाही वजीर गेला. डाव महेशचंद्रांनी जिंकला.

आता बचावाची मांडणी पाहू. पांढरा वजिराचे, त्याच्या शेजारच्या उंटाचे आणि राजाचे अशी तीन प्यादी दोन-दोन घरे टाकून मध्यावर ठाण मांडतो. काळा त्याला ते करू देतो. स्वतः राजाकडचा घोडा बाहेर काढतो, त्या घोड्याच्या घरापुढचे प्यादे एक घर सरकवून तिथे झालेल्या खिंडीत उंट बसवतो, वजिराचे प्यादे एक घर चालवतो, आणि किल्लेकोट करतो. चंद्रपूरकरांना कोट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. गोंड राजांच्या परकोटाचे जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा हे दरवाजे तिथे रोजच्या बोलण्यात येतात. कोटात राजा बसला, की काळा राजापुढचे प्यादे दोन घरे टाकून पांढऱ्याला पहिला प्रश्न विचारतो. पांढऱ्याने उत्तरादाखल वजिराचे प्यादे पुढे रेटले, की दोघांची प्यादी एकमेकांत अडकतात आणि मधला रस्ता बंद होतो.

इथून पुढची गंमत नवशिक्याला घाबरवणारी असते. काळा आपल्याच राजापुढची प्यादी सोडतो! आधी उंटाचे, मग घोड्याचे, जमल्यास हत्तीचेही. स्वतःच्या परकोटाचे दगड उपसून तो समोरच्या राजावर फेकतो. पांढरा तिकडे वजिराच्या बाजूने शिरत असतो, आणि बहुधा एखादी खेळी आधीच पोचतो. पण त्याला तिथे मिळतात एक-दोन प्यादी, फार तर एखादा मोहरा. काळा पोचला तर राजाच सापडतो. म्हणून या शर्यतीत काळा मागे दिसला तरी मागे असतोच असे नाही.

मात्र हे सारे कुलूप बसले असेल तरच. चंद्रपुरातल्या एका स्नेह्यांच्या घरी मी हे डोळ्यांनी पाहिले. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, बाटुमीला अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर पदही मिळवले. तेव्हापासून विदर्भात घरोघरी पट निघाले आहेत. या घरच्या चौदा वर्षांच्या नातवाने मोबाइलवर पाहून किंग्ज इंडियनच्या बारा खेळ्या तोंडपाठ केल्या होत्या, आणि तरी ओळीने तीन डाव गमावले होते. हा बचावच टाकून द्यावा, अशा विचारात तो होता. आजोबा वनखात्यातून निवृत्त झालेले. त्यांची उमेदीची वर्षे आलापल्ली-सिरोंच्याकडे गेली. तेव्हा सारा मुलूख एकच जिल्हा होता. गडचिरोली वेगळा झाला तो १९८२ साली. तिथल्या रात्री ते कंदिलाच्या उजेडात देशी डाव खेळत. या बचावाचे इंग्रजी नाव त्यांना ठाऊक नव्हते. चौथा डाव त्यांनी थोडा वेळ पाहिला आणि म्हणाले, “अरे, मधातला दरवाजा सताड उघडा हाय, अन् तू कोट काहून फोडून रायला?”

मला वाटते, या बचावावरच्या जाड पुस्तकातही याहून नेमके वाक्य मिळणार नाही. पोराने खेळ्या पाठ केल्या होत्या, पण मध्य बंद झाला की नाही हे तो पाहतच नव्हता. मधून हत्ती-वजीर येऊ शकत असतील, तर कोट फोडणे म्हणजे आपणच घर उघडून देणे. दुसरे एक कलम आजोबांनी सांगितले नाही, ते मी सांगतो. वजिराकडचा काळ्याचा उंट डावभर जागचा हलत नाही, म्हणून पुष्कळजण तो कंटाळून बदलून टाकतात. तसे करू नये. घरी बसूनच त्याची नजर पांढऱ्या राजाच्या कोटावर असते, आणि शेवटी तिथले प्यादे मारून भगदाड पाडायला बहुधा तोच लागतो.

१९५३ साली झुरिकच्या स्पर्धेत नायडॉर्फने तैमानोव्हला याच रीतीने लोळवले, तेव्हा या बचावाचा बोलबाला झाला. पुढे फिशर आणि कास्पारोव्ह यांनी तो आपलासा केला. १९९० नंतरच्या वर्षांत मात्र क्रामनिकने वजिराकडच्या घोड्याचे प्यादे लगेच दोन घरे टाकून काळ्यावर अशी संगीन रोखली, की कास्पारोव्हनेही हा बचाव बाजूला ठेवला. तरी तो मेलेला नाही.

नातवाची एक तक्रार राहिली होती. पांढऱ्याने मध्य बंदच केला नाही, वजिराच्या प्याद्याने राजाचे प्यादे मारले आणि वजीरही बदलून टाकला, तर? तर कोट तसाच ठेवून शांतपणे खेळावे. काळ्याचे मधले प्यादे तेव्हा फुकट पडल्यासारखे दिसते, पण पांढऱ्याने ते घोड्याने घेतले, तर काळ्याचा घोडाही पांढऱ्याचे मधले प्यादे घेतो. पांढऱ्याने तो घोडा मारावा, तर मागच्या खिंडीतला उंट, त्याची रेघ आता मोकळी झालेली असते, पुढे येऊन पांढऱ्याचा घोडा उचलतो. हिशेब बरोबरीत सुटतो. नातवाला हे उत्तर फारसे आवडले नाही. आजोबांना आवडले.