हायस्कुलांतील पर्यावरणशास्त्र व आपला डोंगरउतार

हायस्कुलांत पर्यावरणशास्त्र शिकवितात त्याचा शेतकऱ्याच्या मुलास उपयोग काय, असें पुष्कळ पालक विचारतात. सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं या शिक्षणाविषयीं निर्देश दिले व २००३ सालीं ते पुन्हां बजावले. तेणेंकरून हा विषय शाळांतून सक्तीचा झाला. परंतु तो केवळ पाठ करावयाचा असेल, तर पालकांची शंका रास्तच आहे.

भीमाशंकरचा परिसर घ्या. माथ्यावरील जंगल १९८५ सालीं अभयारण्य ठरलें. तेथें शेकरू राहतो व भीमा उगम पावते. आंबेगांव-जुन्नरकडील भातखाचरें, उतारावरील नाचणी-वरई व हिरड्याचें उत्पन्न, सर्व कांहीं पाऊस, माती व झाडें यांवर अवलंबून आहे. याच आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांव ३० जुलै २०१४ रोजीं दरडीखालीं गाडलें गेलें व सुमारें दीडशें माणसें मृत्यु पावलीं. अशा मुलखांत हा विषय घराच्या उंबरठ्याशीं येऊन ठेपतो.

मुलांकडून पुढील प्रयोग करवावा. दोन सारखीं खोकीं घेऊन एकांत गवतासह उचललेला मातीचा थर व दुसऱ्यांत तीच माती मोकळी भरावी. दोन्ही सारख्या उतारावर ठेवून खालच्या कांठास खांच पाडावी व खांचेखालीं बाटली ठेवावी. नंतर झारीनें सारखेंच पाणी शिंपावें. मोकळ्या मातीचें पाणी लवकर व गढूळ उतरतें. गवताचें उशिरां व बरेंच स्वच्छ. कारण थेंबांचा मार गवत झेलतें, मुळ्या माती धरतात व पाण्यास मुरण्यास अवधि मिळतो. गढूळ बाटलीच्या तळाशीं बसलेला गाळ म्हणजे आपली सुपीक माती होय.

मात्र एवढ्यानें दरडीचें कारण उमगलें, असें मानूं नये. धूप वरच्या थराची होते. दरड खोलवरून सुटते. अतिवृष्टीचें पाणी आंत सांचलें म्हणजे माती जड होते, तिची पकड ढिली पडते व उताराचा भाग एकदम घसरतो. जमिनीस नव्या भेगा पडणें, झाडें वा खांब कलणें, झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ होणें, हीं त्याचीं पूर्वचिन्हें होत. तीं दिसतांच शेजाऱ्यांस व तलाठ्यास वर्दी देऊन घर सोडणें श्रेयस्कर.

हीं चिन्हें ओळखणारा मुलगा वा मुलगी प्रत्येक घरांत असावी, यासाठीं शेतकरीबंधूंनीं हा प्रयोग पावसाळ्यापूर्वीं आपल्या अंगणांत करवून घ्यावा, अशी आमची विनंती आहे.