गाण्यातून आवाज वेगळा करण्याचा धंदा: बटण फुकट आहे, मग पैसे कशाचे घ्यायचे?



गेल्या महिन्यात कार्यशाळा संपल्यावर एक तरुण थांबला. "सर, पाच मिनिटं हवीत." वही उघडली. धंदा ठरलेला होता. सिनेमातली गाणी घ्यायची, कॉम्प्युटरवर गायकाचा आवाज काढून टाकायचा आणि उरलेलं संगीत कराओके ट्रॅक म्हणून ५० रुपयांना विकायचं. तालुक्यात ऑर्केस्ट्रावाले आहेत, लग्नसराई आहे, गिऱ्हाईक तयार आहे. लॅपटॉप, हेडफोन, स्पीकर मिळून खर्च ७० हजार.

मी विचारलं, पैसे कुठून आणणार? म्हणाला, "आई बचत गटातून कर्ज काढतेय."

मी म्हटलं, बाबा, कर्ज पंधरा दिवस थांबव. आधी हे काम नेमकं काय आहे ते बघू. त्या पंधरा दिवसांत आम्हा दोघांनाही जे कळलं, ते आज तुमच्यासमोर मांडतोय.

आधी तंत्र समजून घ्या

तयार गाणं म्हणजे शिजलेली खिचडी. त्यातून डाळ वेगळी कशी काढणार? पूर्वी एक सोपी युक्ती वापरली जायची. स्टिरिओ गाण्यात डावी आणि उजवी अशा दोन बाजू असतात. गायकाचा आवाज बहुतेक वेळा दोन्हीकडे सारखा, म्हणजे मधोमध ठेवलेला असतो. एका बाजूचा ध्वनी उलटा करून दुसऱ्यात मिसळला, की दोन्हीकडे जे सारखं आहे ते एकमेकांना खोडून टाकतं.

ऐकायला भारी वाटतं, पण भानगडी तीन. आवाजाबरोबर मधोमध असलेला बेस आणि मोठा ड्रमही जातो. आवाजाचा घुमारा दोन्ही बाजूंना पसरलेला असल्यामुळे तो मागे भुतासारखा राहतो. आणि जुनं मोनो गाणं असेल तर दोन्ही बाजू एकच, त्यामुळे सगळंच गायब! शिवाय या युक्तीने आवाज निघून जातो, पण नुसता आवाज हातात येत नाही.

२०१९ मध्ये चित्र बदललं. डीझर या फ्रेंच कंपनीने स्प्लीटर नावाचं सॉफ्टवेअर फुकट खुलं केलं. फेसबुकच्या संशोधकांचं डेमक्स आलं. अल्टिमेट व्होकल रिमूव्हर नावाचा फुकट प्रोग्राम तर अशी मॉडेल्स माऊसच्या क्लिकवर चालवतो. यंत्राला अशी ढीगभर गाणी दाखवलेली असतात, ज्यांचा आवाज, ड्रम, बेस सुटा सुटाही उपलब्ध आहे आणि एकत्रही. त्यावरून ते शिकतं की माणसाचा आवाज साधारण कसा दिसतो. मग नवीन गाणं दिलं की ते क्षणाक्षणाला अंदाज बांधतं आणि चार ढीग लावतं: आवाज, ड्रम, बेस आणि बाकीचं.

"अंदाज" हा शब्द लक्षात ठेवा. तुमचा धंदा याच शब्दावर उभा राहणार आहे.

पहिला प्रश्न: जे फुकट मिळतं ते तुमच्याकडून का घेतील?

ऑर्केस्ट्रातला गायक हेच काम मोबाईलवर करू शकतो. आज नाही करत, उद्या करेल. मग तुमचे ५० रुपये कशाचे? बटण दाबायचे? बटण दाबायला कुणी पैसे देत नाही. पिठाची गिरणी प्रत्येकाच्या घरात आली असती, तर गिरणीवाल्याने दळणाचे पैसे कुणाकडे मागितले असते?

दुसरा प्रश्न: गाणं कुणाचं आहे?

इथे त्या तरुणाचा चेहरा उतरला. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. ध्वनिमुद्रणावर मालकाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतो. गीत आणि संगीताचा हक्क तर गीतकार-संगीतकाराच्या निधनानंतरही ६० वर्षं. आवाज काढून टाकला तरी उरलेलं वादन त्याच मुद्रणातलं असतं. ते विकणं म्हणजे दुसऱ्याच्या झाडाचे आंबे विकणं. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड, असं कलम ६३ सांगतं.

तो म्हणाला, "सर, लग्नात गाणी वाजवायला सूट आहे ना?" आहे. लग्नाच्या विधीत आणि वरातीत गाणं *वाजवायला* कायद्यात सूट आहे. ट्रॅक *बनवून विकायला* नाही. आईच्या नावावर कर्ज काढून अशा धंद्यात उतरायचं का, हे त्याने स्वतःच ठरवलं. वहीतलं ते पान फाडलं.

बीटल्सच्या गाण्यातून धडा

याच तंत्राचं जगभर गाजलेलं उदाहरण बघा. जॉन लेनन यांनी १९७०च्या दशकात घरी पियानोवर बसून एक गाणं साध्या कॅसेटवर टेप केलं होतं, 'नाऊ अँड देन'. त्यांच्या निधनानंतर ती कॅसेट योको ओनोंनी बीटल्सच्या साथीदारांकडे दिली. १९९५ मध्ये त्यांनी गाणं पूर्ण करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. पियानो आवाजावर चढत होता, टेपमध्ये गुणगुण होती, आवाज सुटा होईना. पुढे पीटर जॅक्सन यांच्या टीमने बीटल्सवरच्या माहितीपटासाठी आवाज वेगळे करणारं सॉफ्टवेअर तयार केलं. त्याने लेनन यांचा आवाज स्वच्छ निघाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गाणं आलं आणि २०२५ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं.

यात धंद्याचा धडा काय? कॅसेट घरची होती, देणारी माणसं हक्काची होती. आणि ते रेकॉर्डिंग पुन्हा करणं शक्यच नव्हतं, कारण गाणारा माणूस आता नाही.

मी त्या तरुणाला विचारलं, तुमच्या गावात अशा किती कॅसेट असतील?

खरं गिऱ्हाईक घरातल्या ट्रंकेत आहे

कीर्तनकार वडिलांची कॅसेट. भजनी मंडळाच्या सप्ताहाचं रेकॉर्डिंग. आजीच्या जात्यावरच्या ओव्या. शाळेतल्या नाटकाची टेप. शाहिरांचा कार्यक्रम. यातलं काही यूट्यूबवर नाही, कुठल्या ॲपमध्ये नाही. एकच प्रत, तीही बुरशी धरत चाललेली.

तरुणाच्या शेजारीच एक काकू निघाल्या. यजमान भजनी मंडळात गायचे. घरच्या टेपरेकॉर्डरवर केलेली एक कॅसेट होती, पण टाळ-पखवाजाच्या गजरात त्यांचा आवाज दबलेला. मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर त्याने कॅसेट चढवली, मॉडेल चालवलं, नुसता आवाज काढून काकूंना ऐकवला. त्याला वाटलं, काकू खूश होतील.

काकू दोन मिनिटं ऐकून म्हणाल्या, "आवाज त्यांचाच आहे रे, पण हे विहिरीतून गातायत असं वाटतंय. आणि टाळ कुठे गेले?"

चुकलं कुठे? दोन ठिकाणी. एक, या मॉडेल्सना बहुतेक पाश्चात्त्य ढंगाची गाणी शिकवलेली असतात. त्यांना ड्रम आणि बेस ओळखता येतो, पेटी नाही. पेटी गायकाच्या मागोमाग त्याच सुरात चालते, म्हणून ती आवाजाच्या ढिगात घुसते. टाळेचा झणत्कार "स" आणि "श" मध्ये मिसळतो. तो काढायला जावं तर शब्दाची धार जाते. दुसरी चूक मोठी: त्याने काकूंना काय हवंय ते विचारलंच नव्हतं. त्यांना सुटा आवाज नको होता. भजन हवं होतं, फक्त यजमान नीट ऐकू यायला हवे होते.

मग त्याने सुटे झालेले ढीग पुन्हा एकत्र केले. आवाज वर, टाळ-पखवाज खाली, पण पूर्ण बंद नाही. गंमत म्हणजे टाळ परत आल्यावर यंत्राने केलेल्या चुकाही त्याखाली झाकल्या गेल्या. काकूंनी तिन्ही मुलांसाठी तीन पेन ड्राइव्ह मागितले.

मित्रांनो, पैसे याचे आहेत. बटण फुकट, कान विकत.

हिशोब असा करा

समजा ६० मिनिटांची कॅसेट आहे.

- हेड साफ करणं, जोडणी: अर्धा तास
- कॅसेट कॉम्प्युटरवर घेणं: १ तास
- ऐकून दुरुस्ती, पुन्हा मिश्रण: ३ तास
- गिऱ्हाइकाशी बोलणं, प्रती करणं: अर्धा तास
- सांगितलेले बदल: १ तास

झाले ६ तास. तासाचे २०० धरले तर १,२०० रुपये. पेन ड्राइव्ह, वीज, प्लेअरची झीज यांचे ३००. म्हणजे १,५०० रुपये. "गाण्यामागे १०० द्या" असं बोलून बसलात, तर आठ गाण्यांच्या कॅसेटला ८०० रुपयेच मिळतील आणि तोटा कुठे झाला ते कळणारही नाही.

सुरू करण्यापूर्वी पाच गोष्टी

१. कॅसेट घेताना विचारा: हे घरी किंवा मंडळाने रेकॉर्ड केलंय की कंपनीची विकत आणलेली कॅसेट आहे? कंपनीची असेल तर काम नम्रपणे नाकारा, भले त्यात गिऱ्हाइकाचे वडील गात असोत.

२. मंडळाचं रेकॉर्डिंग असेल तर मंडळाची लेखी संमती घ्या. एका कागदावर चार ओळी पुरतात.

३. कॅसेट प्लेअरच्या लाइन आऊटमधून वायरने घ्या, स्पीकरसमोर मोबाईल धरून नाही. वेव्ह फाइल करा. आधी एमपीथ्री केलीत तर जे गेलं ते गेलं. मूळ फाइलला हात लावू नका, प्रतीवर काम करा.

४. पूर्ण कामाआधी एक मिनिटाचा नमुना ऐकवा. "एवढंच स्वच्छ होईल" हे तोंडावर सांगा. चमत्काराचं आश्वासन देऊ नका.

५. पहिली पाच कामं हातात असलेल्या साधनांवर करा. त्या कमाईतून हेडफोन घ्या. लॅपटॉप त्यानंतर.

तो तरुण आता तिसरं काम करतोय, अजून मित्राच्याच लॅपटॉपवर. बचत गटाचं कर्ज काढलेलं नाही. आईने विचारलं म्हणे, "मग मी अर्ज मागे घेऊ का?" तो म्हणाला, "घे, लागला तर पुढच्या वर्षी बघू."

तुमच्या घरात, गल्लीत अशी एखादी कॅसेट आहे का? या आठवड्यात शोधा, चालते का बघा. पहिलं गिऱ्हाईक कदाचित तुमच्या शेजारीच राहतंय.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.